समुद्रावर इंजिन बंद पडलं तर? लहान विमानांच्या डिचिंगबद्दल (पाण्यावर जाणूनबुजून उतरण्याबद्दल) वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरं एका इंजिनाच्या, चार आसनी विमानांपुरती आहेत. वेगळं काही लिहिलेलं नसेल तिथे आकडे सेसना 172एस या मॉडेलचे समजावेत. तुमच्या विमानाचं हँडबुक काही वेगळं सांगत असेल तर हँडबुकचं ऐका.

1. इंजिन बंद पडलं की विमान सरळ खाली कोसळतं का?

नाही, ते तरंगत खाली येतं. 68 नॉटचा (नॉट म्हणजे ताशी एक नॉटिकल मैल) ग्लाइड वेग, म्हणजे इंजिनाविना तरंगत जाण्याचा वेग, धरला तर 1,000 फूट उंचीमागे साधारण दीड नॉटिकल मैल, म्हणजे पावणेतीन किलोमीटर अंतर कापता येतं आणि मिनिटाला सुमारे 750 फूट उंची जाते. 2,000 फुटांवर असाल तर हातात तीन मैल आणि जेमतेम अडीच मिनिटं. समोरून 20 नॉटचा वारा असेल तर तीनाचे दोनच मैल उरतात. अडीच मिनिटं ऐकायला पुष्कळ वाटतात, पण त्यातली पहिली काही सेकंदं «हे खरंच घडतंय का» यातच जातात.

2. पाण्यात कोसळणं आणि डिचिंग एकच ना?

एक नाही. पंख समतल आहेत, वेग कमी आहे, विमान वैमानिकाच्या ताब्यात आहे आणि ते जाणूनबुजून पाण्यावर टेकवलंय, याला डिचिंग म्हणतात. अशा प्रसंगात बहुतेक लोक टेकण्याच्या धक्क्यातून वाचतात. जीव जातात ते त्यानंतर: दार उघडत नाही, जॅकेट मागच्या सामानात राहतं, थंड पाण्यात हात चालत नाहीत, शोधणाऱ्यांना माणूस दिसत नाही. म्हणून या पानावर उतरण्यापेक्षा बाहेर पडण्यावर आणि सापडण्यावर जास्त लिहिलंय.

3. इंजिन बंद का पडतं? समुद्रावर जास्त पडतं का?

खाली समुद्र आहे की शेत, हे इंजिनाला कळत नाही. कारणांच्या यादीत इंधन वरच्या जागेवर आहे. कधी टाक्या खरोखर रिकाम्या होतात, कधी टाकीत इंधन असतं पण इंजिनापर्यंत पोचत नाही. सेसना 172 मध्ये सिलेक्टर, म्हणजे इंधन कोणत्या टाकीतून घ्यायचं ते ठरवणारी कळ, «बोथ»वर (दोन्ही टाक्या) ठेवता येतो. पायपर चेरोकीत डावी किंवा उजवी एवढेच पर्याय आहेत. एक टाकी संपली, दुसरी भरलेली आहे आणि इंजिन मात्र गप्प, असं तिथे होऊ शकतं. जानेवारी 2015 मध्ये कॅलिफोर्नियाहून हवाईकडे निघालेल्या सिरस एसआर22 ची गोष्ट याच जातीची. जादा टाकीतलं इंधन मुख्य टाक्यांत येईना, म्हणून माऊईपासून सुमारे 250 मैलांवर विमान पाण्यात गेलं (पुढचं प्रश्न 16 मध्ये).

बाकीची कारणं म्हणजे तेलाची गळती, तुटलेला व्हॉल्व्ह, बिघडलेला मॅग्नेटो (ठिणगीसाठी वीज देणारं यंत्र), इंधनात पाणी. कार्ब्युरेटरमधल्या (इथे हवेत पेट्रोल मिसळतं) बर्फाबद्दल पुढच्याच प्रश्नात.

4. कोकणातल्या 30 अंशांच्या उकाड्यात कार्ब्युरेटरमध्ये बर्फ कसा होईल?

होतो. कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यातून जाताना हवेचा दाब पडतो, त्यातच पेट्रोलची वाफ होते, आणि तिथलं तापमान वीसेक अंशांनी किंवा त्याहूनही जास्त उतरतं. हवा दमट असेल तर बाष्प तिथेच गोठतं. समुद्रावरची हवा दमट असतेच. सर्वांत मोठा धोका थ्रॉटल मागे घेऊन उतरताना असतो.

फिक्स्ड प्रॉपेलरच्या (पात्यांचा कोन न बदलणाऱ्या) विमानात पहिली खूण म्हणजे आरपीएम, म्हणजे इंजिनाचे मिनिटाला फेरे, हळूहळू उतरणं. कार्ब हीट (कार्ब्युरेटरमध्ये गरम हवा सोडणारी कळ) पूर्ण ओढली की आरपीएम आणखी पडतो आणि बर्फ वितळून पाणी आत गेल्याने इंजिन खडखडतं. इथेच घाबरून अनेक जण हीट परत बंद करतात आणि उरलेला बर्फ इंजिन बंद पाडतो. खडखड सहन करा, हीट चालू ठेवा. ही उष्णता एक्झॉस्टमधून येते, त्यामुळे इंजिन बंद पडल्यावर हीट ओढण्याचा फायदा क्षणभरच. 172एस मध्ये फ्युएल इंजेक्शन आहे, कार्ब्युरेटर नाही. जुन्या 172एन मध्ये आहे.

5. पहिल्या मिनिटात नेमकं काय करायचं?

नाक खाली, 68 नॉट. आधी वेग, मग बाकी सगळं. मग विमान किनाऱ्याकडे किंवा दिसणाऱ्या बोटीकडे वळवा आणि वळतानाच हात चालवा: फ्युएल शटऑफ व्हॉल्व्ह आत (म्हणजे इंधन चालू), सिलेक्टर «बोथ»वर, ऑक्झिलरी पंप चालू, मिक्स्चर रिच (हवेच्या मानाने इंधन जास्त), इग्निशन «बोथ»वर (दोन्ही मॅग्नेटो). प्रॉपेलर थांबला असेल तर किल्ली «स्टार्ट»वर. 172एन मध्ये पंपाऐवजी कार्ब हीट चालू करायची आणि प्रायमर (इंजिन सुरू करताना इंधन आत सोडणारा हातपंप) आत ढकलून लॉक करायचा. तिथे ग्लाइडचा वेग 65 नॉट.

इंजिन पुन्हा चालू करण्याच्या नादाला मर्यादा घाला. 1,000 फुटांखाली आलात की तो विषय सोडा. शेवटच्या सव्वा मिनिटात दारं, पट्टे, जॅकेट आणि उतरण्याची दिशा एवढंच उरायला हवं.

6. मेडे (संकटाची हाक) कधी आणि कोणत्या फ्रिक्वेन्सीवर?

ज्या फ्रिक्वेन्सीवर आधीच बोलताय तिथेच, कारण तिथे तुम्हाला ओळखणारं कोणीतरी ऐकत आहे. उत्तर नाही आलं तर 121.5 मेगाहर्ट्झ ही आणीबाणीची फ्रिक्वेन्सी. ट्रान्सपाँडरवर (रडारला विमानाची ओळख सांगणारं यंत्र) 7700 हा संकटाचा कोड. «मेडे» तीनदा, मग कॉलसाइन (विमानाचं रेडिओवरचं नाव), इंजिन बंद, समुद्रावर उतरतोय, जागा, उंची, विमानात किती माणसं. जागा सांगताना «अलिबागजवळ» पुरत नाही. «अलिबागच्या नैऋत्येला आठ मैल» किंवा जीपीएसवरचे अक्षांश-रेखांश सांगा.

कॉल लवकर करा. व्हीएचएफ, म्हणजे विमानाचा रेडिओ संदेश, सरळ रेषेत जातं. 2,000 फुटांवरून ते पन्नासेक मैल पोचतं, 100 फुटांवरून जेमतेम बारा. उंची गेली की आवाजही जातो.

7. वाऱ्याच्या तोंडावर उतरायचं की लाटांना समांतर?

सर्वांत जास्त विचारला जाणारा आणि सर्वांत जास्त चुकणारा प्रश्न. आधी दोन गोष्टी वेगळ्या करा. एक, लांबून येणारी, गोलसर, एका लयीत चालणारी मोठी लाट, म्हणजे स्वेल. दुसरी, जागच्या वाऱ्याने उठलेली बारीक, फेसाळ लाट. स्वेल 2,000 फुटांवरून नीट दिसतो, खाली आल्यावर हरवतो. म्हणून दिशा वरच ठरवा.

वारा साधारण असेल तर स्वेलला समांतर उतरा, लाटेच्या माथ्यावर किंवा तिच्या पाठीवर. लाट तुमच्या दिशेने येत असताना तिच्या पोटात घुसणं म्हणजे भिंतीला धडकणं. वारा फारच जोराचा असेल, साधारण 35 नॉटच्या पुढे, आणि फेसाचे पांढरे पट्टे पाण्यावर ओढल्यासारखे दिसत असतील, तर मात्र वाऱ्याच्या तोंडावर, लाटेच्या पाठीवर. वेगाचा हिशोब कोरडाच आहे. 50 नॉटने टेकताना समोरून 15 नॉट वारा असेल तर पाण्याशी भेट 35 नॉटने होते, मागून असेल तर 65 ने, आणि धक्क्यातली ऊर्जा जवळपास साडेतीन पट.

पावसाळ्यातलं कोकण घ्या. स्वेल नैऋत्येकडून येतो, म्हणजे लाटांचे माथे वायव्य–आग्नेय रेषेत असतात. समांतर उतरायचं तर दोनच दिशा. वारा पश्चिम-नैऋत्येचा असेल तर वायव्येकडे तोंड केल्यावर त्याचा थोडा भाग समोरून मिळतो, आग्नेयेकडे तोंड केलं तर तोच मागून ढकलतो. वायव्य निवडा, बाजूचा वारा सोसा.

फेस पाहून वारा ओळखताना एक चकवा आहे. फेस वाऱ्याबरोबर पुढे पडतो, पण लाट त्याच्याखालून पुढे निघून जाते, त्यामुळे वरून तो वाऱ्याच्या उलट दिशेने सरकल्यासारखा वाटतो.

8. किती वेग, किती फ्लॅप? धावपट्टीवर करतो तसं फ्लेअर करायचं का?

इंजिनात थोडी ताकद शिल्लक असेल तर फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या, खाली वळणाऱ्या पट्ट्या) 20 अंश ते पूर्ण, 55 नॉट आणि मिनिटाला 300 फूट उतार. ताकद अजिबात नसेल तर फ्लॅप न लावता 70 नॉट, किंवा 10 अंश फ्लॅप आणि 65 नॉट. टेकताना विमान समतल ठेवा.

फ्लेअर, म्हणजे टेकण्याआधी नाक उचलणं, टाळा, असं सेसनाचं हँडबुक स्पष्ट म्हणतं. पाण्यावरून उंचीचा अंदाज येत नाही. वाटतं पाच फूट, असतात तीस. तिथे नाक उचललं की विमान स्टॉल होऊन (पंखांची उचल संपून) नाकावर आपटतं. समुद्र आरशासारखा शांत असेल तर अंदाज आणखी फसतो. तेव्हा किनाऱ्याच्या किंवा बोटीच्या बाजूला उतरा, म्हणजे डोळ्याला काहीतरी धरायला मिळतं. टेकण्याआधी चेहऱ्यासमोर घडी केलेला कोट किंवा उशी धरायला प्रवाशांना सांगा. पहिला धक्का बहुधा शेवटचा नसतो, दुसरा त्याहून जोराचा असतो.

9. दार हवेतच उघडायचं?

कडी काढून ठेवायची, हो. पूर्ण उघडायचं नाही, हवेच्या दाबाने ते उघडं राहणारही नाही. धक्क्याने चौकट वाकली तर बंद दार अडकून बसतं. फटीत बूट किंवा घडी केलेलं जाकीट अडकवा. पाण्याखाली दार उघडत नसेल तर त्याचं कारण बाहेरचा दाब. खिडकी उघडून पाणी आत येऊ द्या. आतबाहेर दाब सारखा झाला की दार सुटतं. आत पाणी घ्यायचं हे मनाला पटत नाही, पण मार्ग तोच आहे.

चेरोकीवाल्यांनी हे उत्तर दोनदा वाचावं. तिथे दार एकच, उजवीकडे, आणि त्याला दोन कड्या: एक बाजूला, एक वर. उजवीकडचा माणूस बाहेर पडल्याशिवाय वैमानिक बाहेर पडू शकत नाही. त्या माणसाला दोन्ही कड्या उघडून दाखवा, मग त्याच्याकडून उघडून घ्या, आणि हे इंजिन सुरू करण्याआधी. 172 मध्ये मागच्या प्रवाशांना स्वतंत्र दार नाही, पुढची सीट सरकवल्यावरच त्यांचा रस्ता मोकळा होतो.

10. विमान उलटं झालं तर बाहेर कसं यायचं?

न मुडपणारी चाकं आधी पाण्यात रुततात, त्यामुळे विमान नाकावर जाणं किंवा पाठीवर पडणं गृहीतच धरा. उलटं लटकलेल्या माणसाला वर-खाली कळत नाही, डोळ्यांत पाणी, समोर फेस. म्हणून बाहेर पडायचं ते हाताच्या स्पर्शावर, नजरेवर नाही.

टेकण्याआधी हेडसेट काढून टाका, त्याची वायर गळ्यात किंवा हातात अडकते. एक हात दाराच्या चौकटीवर किंवा हँडलवर ठेवा आणि काही झालं तरी तो सोडू नका. दुसरा हात पट्ट्याच्या बकलवर. विमान पूर्ण थांबेपर्यंत थांबा. दार उघडा. मग पट्टा सोडा. मग चौकटीवरच्या हाताने स्वतःला बाहेर ओढा.

पट्टा आधी सोडणं ही इथली नेहमीची आणि जीवघेणी चूक. पट्टा सुटला की माणूस केबिनमध्ये तरंगायला लागतो, चौकट हातातून जाते आणि दार उजवीकडे होतं की डावीकडे हेच कळेनासं होतं. शिवाय दार ढकलायला अंग सीटला बांधलेलं असावं लागतं, नाहीतर दाराऐवजी आपणच मागे जातो. बॉम्बे हायला हेलिकॉप्टरने जाणाऱ्या तेल कामगारांना पाण्याच्या टाकीत उलट्या फिरणाऱ्या केबिनमधून बाहेर पडण्याचं जे प्रशिक्षण मिळतं, तेच लहान विमानाच्या वैमानिकाने घेतलं तर पैसे वाया जात नाहीत. ते जमत नसेल तर हँगरमध्ये डोळे बांधून हाच क्रम दहा वेळा करा.

11. लाइफ जॅकेट घालून बसायचं की सीटखाली ठेवलं तरी चालतं?

घालून बसा. जुहूच्या 26 क्रमांकाच्या, पश्चिमेकडच्या धावपट्टीवरून उड्डाण केलं की काही क्षणांत खाली समुद्र येतो. 500 फुटांवर इंजिन गेलं तर हातात चाळीस सेकंदं. त्यात चार जण पिशव्या फाडून जॅकेट घालू शकत नाहीत. कमरेला बांधायच्या पाउचचं जॅकेट उकाड्यातही त्रास देत नाही.

फुगवायचं मात्र बाहेर पडल्यावरच. आत फुगवलेलं जॅकेट माणसाला केबिनच्या छताला चिकटवतं, आणि दार असतं पाण्याखाली. 23 नोव्हेंबर 1996 ला अपहरण झालेलं इथिओपियन एअरलाइन्सचं बोइंग 767 कोमोरोस बेटांजवळ पाण्यात उतरलं. विमानातल्या 175 जणांपैकी 125 गेले, आणि त्यांत जॅकेट आतच फुगवून अडकलेले अनेक होते. बाहेर आल्यावर दोरी ओढूनही फुगलं नाही तर तोंडाने फुंकायची नळी असते. ती कुठे आहे हे जमिनीवरच पाहून ठेवा.

12. माझ्याकडे बोटीवरचं ऑटोमॅटिक जॅकेट आहे. चालेल?

नाही. ते पाणी लागताच आपोआप फुगतं, म्हणजे केबिनमध्येच. कारण प्रश्न 11 मध्ये.

13. पंख वर असलेलं विमान बरं की खाली असलेलं?

यावर हँगरमध्ये तासन्‌तास वाद चालतात. खाली पंख असलेलं विमान थोडा वेळ तरंगतं आणि पंखावर उभं राहता येतं. वर पंख असलेल्यात केबिन लवकर बुडते, पण दोन दारं मिळतात. जगण्याच्या शक्यतेत दोन्हींत ठळक फरक आढळलेला नाही. विमान किती वेळ तरंगेल यावर विसंबू नका, काही सेकंदंही असू शकतात.

14. किनारा टप्प्यात असेल तर वाळूवरच का उतरू नये?

रिकामा, ओली घट्ट वाळू असलेला किनारा असेल तर जरूर उतरा. माणसं असतील तर नाही. 2 ऑगस्ट 2017 ला पोर्तुगालमध्ये लिस्बनजवळच्या कॅपारिका किनाऱ्यावर सेसना 152 वाळूवर उतरवण्यात आलं. विमानातल्या दोघांना विशेष काही झालं नाही, किनाऱ्यावरच्या दोघांचा जीव गेला, त्यातली एक आठ वर्षांची मुलगी होती. बंद इंजिनाचं विमान आवाज करत नाही, पाठमोऱ्या माणसाला ते कळतच नाही. रविवार संध्याकाळचं जुहू किंवा कलंगुट डोळ्यांसमोर आणा. अशा वेळी किनाऱ्याला समांतर, पोहणाऱ्यांच्या पलीकडच्या पाण्यात उतरा.

15. मोठ्या जहाजाजवळ उतरावं की मासेमारीच्या बोटीजवळ?

लहान बोट बरी. मोठ्या जहाजाला थांबायला काही मैल लागतात आणि त्याच्या उंच भिंतीवरून माणूस वर घेणं अवघड. बोटीच्या बाजूला, थोडं पुढे उतरा. नेमकं समोर किंवा मागे नको. ट्रॉलरच्या मागे जाळं असतं. हेही लक्षात ठेवा की 1 जून ते 31 जुलै महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते. ज्या दिवसांत समुद्र सर्वांत खवळलेला, त्याच दिवसांत मदतीला येणाऱ्या बोटी सर्वांत कमी.

16. संपूर्ण विमानाला खाली उतरवणारं पॅराशूट असेल तर?

सिरससारख्या विमानात ते पाण्यावरही वापरावं, आणि उंची हातात असताना. प्रश्न 3 मधल्या वैमानिकाने तेच केलं. तो राफ्टमध्ये चढला आणि त्याला वेंडाम या क्रूझ जहाजाने उचललं. दोन गोष्टी सांभाळा. जमिनीवर धक्का शोषणारी चाकं पाण्यावर ते काम नीट करत नाहीत, म्हणून पाठ सरळ आणि पट्टे घट्ट. आणि वाऱ्यात छत्री विमानाला ओढत नेते, त्यामुळे लगेच बाहेर पडून दोऱ्यांपासून लांब व्हा.

17. ईएलटी आपोआप संदेश पाठवतो, मग पीएलबी कशाला?

ईएलटी हा विमानात बसवलेला संकटाचा बीकन (संदेश पाठवणारं यंत्र), पीएलबी हा माणसाचा स्वतःचा. विमानाबरोबर ईएलटी बुडतो आणि 406 मेगाहर्ट्झचा संदेश पाण्यातून जात नाही. म्हणून हवेत असतानाच पॅनेलवरचा स्विच «ऑन» करा. 406 चा संदेश साधारण 50 सेकंदांनी एकदा जातो, तेव्हा मिळालेलं प्रत्येक मिनिट कामाचं. पीएलबी तुमच्या अंगावर असतो, पिशवीत नव्हे, आणि तुमच्याबरोबर वर येतो. अँटेना आकाशाकडे, पाण्याबाहेर धरा. फक्त 121.5 वर चालणारा जुना ईएलटी असेल तर तो उपग्रहांना ऐकू येत नाही. ती सोय 1 फेब्रुवारी 2009 ला बंद झाली.

भारतात हे संदेश बेंगळुरूच्या इस्रोच्या मिशन कंट्रोल सेंटरला मिळतात आणि समुद्रातला शोध तटरक्षक दल चालवतं. पश्चिम किनाऱ्यासाठी त्यांचं बचाव समन्वय केंद्र मुंबईत आहे. विमान वेळेवर पोचलं नाही तर जमिनीवरच्या माणसाने 1554 लावावा. बीकन नोंदवलेला नसेल तर तो कोणाचा हे शोधण्यात वेळ जातो.

18. पाण्यात किती वेळ काढता येतो? पोहत किनारा गाठावा का?

कोकण-गोव्याचं पाणी वर्षातला बराच काळ 25 ते 30 अंश असतं, त्यात तासन्‌तास जगता येतं. शिक्षणासाठी कॅनडा किंवा न्यूझीलंडला जाणाऱ्यांचं गणित वेगळं. 10 अंशांच्या पाण्यात 1-10-1 लक्षात ठेवा: पहिलं मिनिट श्वास ताब्यात आणायला, पुढची दहा मिनिटं हात कामाचे, आणि साधारण तासाभरात गारठ्याने शुद्ध हरपते. बकल, नळी, बीकन, जे करायचं ते त्या दहा मिनिटांत. कपडे, बूट काढू नका. गुडघे छातीशी घ्या, एकटे नसाल तर एकमेकांना बिलगून राहा.

पोहण्याबद्दल सांगायचं तर पाण्यातून किनारा दिसतो त्याहून बराच लांब असतो, आणि ओहोटीला खाडीच्या तोंडाशी प्रवाह बाहेर ओढतो. अगदी हाकेच्या अंतरावर नसेल तर एकत्र, एका जागी राहणं बरं.

19. रात्री?

शक्य तिथे टाळा. लाटा दिसत नाहीत, म्हणून शेवटचा माहीत असलेला वारा धरा, लँडिंग लाइट लावा आणि समतल, मंद उतार कायम ठेवा. मे 2000 मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियात व्हायलाला जाणारं पायपर चीफ्टन दोन्ही इंजिनं गमावून रात्री स्पेन्सर गल्फमध्ये उतरलं. आठही जण गेले. नोव्हेंबर 2009 मध्ये नॉरफोक बेटाजवळ रात्री इंधन संपत आल्याने पाण्यात उतरलेल्या वेस्टविंड जेटमधले सहाही जण वाचले, कारण कॅप्टनच्या खिशातल्या छोट्या टॉर्चचा उजेड किनाऱ्यावरून दिसला. टॉर्च खिशातच हवा.

20. चाकं मुडपणारी असतील किंवा विमान अँफिबियन (पाण्यावर आणि जमिनीवर दोन्हीकडे उतरणारं) असेल तर?

मुडपणारी चाकं असलेलं विमान पाण्यावर चाकं वर घेऊन उतरवा. अँफिबियनमध्येही पाण्यासाठी चाकं वरच. विसरून खाली राहिली तर ते हमखास उलटं होतं. उलट चूक, म्हणजे चाकं वर ठेवून धावपट्टीवर उतरणं, फ्लोट (विमानाखालचे तरंगते तळ) खरवडण्यावर भागते.

21. विमान बाहेर काढलं तर पुन्हा उडवता येतं का?

क्वचित. खारं पाणी अॅल्युमिनियमच्या सांध्यांत आणि वायरिंगमध्ये शिरतं, आणि पाण्याबाहेर हवा लागताच गंज वेगाने धरतो. इंजिन वाचवायचंच असेल तर बाहेर काढल्या काढल्या गोड्या पाण्याने भरपूर धुवा आणि उघडेपर्यंत गोड्या पाण्यात बुडवून ठेवा, वाळू देऊ नका. मात्र तपास यंत्रणेच्या परवानगीआधी कशालाही हात लावू नका. सिलेक्टर कुठे होता आणि मिक्स्चरचा दांडा किती आत होता, हे त्यांना जसंच्या तसं पाहायचं असतं.